मिनिटाला तीस शब्द, पण मोजायचे कसे?

लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जाहिरातीतली अट मुंबईत परीक्षा देणाऱ्यांना तोंडपाठ असते: मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०. टायपिंगच्या हिशेबातला शब्द मात्र शब्दकोशातला नव्हे. साधारणपणे पाच वेळा की दाबली की एक शब्द धरतात, स्पेससुद्धा त्यातच. कर्मचारी निवड आयोग इंग्रजीसाठी मिनिटाला ३५ शब्द मागतो आणि तेच तासाला १०,५०० की असंही सांगतो. ३५ गुणिले ५ गुणिले ६०, हिशेब चोख जुळतो.

मराठीत हे विसरलं की घोळ होतो. ‘घर’ला दोन की लागतात, ‘विद्यार्थ्यांसाठी’ला सतरा. फक्त स्पेसवरून शब्द मोजणाऱ्या टेस्टमध्ये दोन्हींची किंमत एकच. त्यामुळे गोष्टीच्या उताऱ्यावर ३५ गाठणारा शासन निर्णयाच्या उताऱ्यावर पंचविशीत अडकतो आणि आपलं काहीतरी बिघडलंय असं समजतो. बिघडलेलं काही नसतं, उतारा बदललेला असतो.

म्हणून मोजणी कींवर करा. न पाहिलेला उतारा घ्या आणि पाच मिनिटं लावा. एका मिनिटाची टेस्ट फुगवून सांगते, कारण दमायच्या आधीच ती संपते. दाबलेल्या कींना आधी ५ ने आणि मग ५ मिनिटांनी भागा. १,००० की झाल्या असतील तर ढोबळ वेग ४०. तशाच राहिलेल्या चुका १० असतील तर मिनिटाला २ वजा, निव्वळ वेग ३८. अशा तीन टेस्टमधला मधला आकडा तुमचा. सर्वांत चांगला आकडा मित्रांना सांगायला ठीक आहे. परीक्षेत चुका कापायचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी वाचा. बॅकस्पेस किती वेळा दाबला तेही लिहून ठेवा. चूक तीन अक्षरं पुढे गेल्यावर दिसली तर चार वेळा मागे यायचं आणि चार अक्षरं पुन्हा मारायची. एका चुकीला आठ की, म्हणजे दीड शब्दाहून जास्त.

आल्टो आणि केंब्रिज विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १,६८,००० लोकांच्या १३.६ कोटी कीस्ट्रोकचा अभ्यास मांडला. सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्दांच्या आसपास निघाला. वेगवान लोक चुका कमी करत होते आणि त्यांची एक सवय ठळक दिसली: आधीची की सुटायच्या आतच पुढची दाबलेली असते. हे सर्वांत सहज जमतं ते एका हातानंतर दुसऱ्या हाताची पाळी आली की.

इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डची, रचना नेमकी इथे कामी येते. स्वरचिन्हं आणि हलंत (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘द्या’ मारून बघा: द उजवीकडे, हलंत डावीकडे, य उजवीकडे, काना डावीकडे. हात आपोआप आलटूनपालटून चालतात. अडतं ते ‘ां’ला. काना वरच्या ओळीत इंग्रजी ‘ई’वर, अनुस्वार खालच्या ओळीत ‘एक्स’वर, आणि दोन्ही डाव्याच हाताला. मधलं बोट वर गेलं की शेजारच्या बोटाने लगेच खाली यायचं. लोकांना, मुलांनी, गाड्यांमध्ये... मराठीत अनेकवचनाला प्रत्यय लागला की बहुधा हा ‘ां’ आलाच. इंग्रजी रचनेवर बेतलेल्या सरावात या दोन कींची जोडी क्वचितच येते, म्हणून मराठीचा सराव वेगळाच करावा लागतो.

दुसरी खोड शिफ्टची. ‘शाळा’ टाइप करताना ‘शआळा’ उमटत असेल तर बोट चुकलेलं नाही, शिफ्ट उशिरा सुटलीय. श शिफ्ट धरून येतो, पुढच्या कान्याच्या वेळी शिफ्ट अजून दाबलेलीच असली की काना न येता ‘आ’ येतो. शिवाय शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताने. श, ळ, ख, थ यांना डावी शिफ्ट, ‘ण’ची की डाव्या हाताखाली म्हणून त्याला उजवी. ‘शिक्षण’ या एका शब्दात दोन्ही करंगळ्यांना काम आहे, सरावाला उत्तम. रेमिंग्टनवरून, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या लेआउटवरून, आलेल्यांची अडचण तिसरीच: तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इथे नंतर. दोन्ही लेआउट एकाच महिन्यात शिकू नका. परीक्षेला कोणता चालतो ते बघून एकच धरा.

आता सराव. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं अ‍ॅप, लावा. मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० ठोके, दर ठोक्याला एक की. तुमच्या मोजलेल्या वेगापेक्षा २५ ठोके कमी ठेवून सुरुवात करा. शंभरात ९७ की बरोबर येऊ लागल्या की ५ ठोके वाढवा, म्हणजे बरोबर एक शब्द वाढला. चुका वाढल्या तर पाच मागे. सोपी अक्षरं धावत आणि जोडाक्षरं रखडत मारायची सवय यातून सुटते. रोज १५-१५ मिनिटं दोनदा पुरे. सलग तासभर बसलात तर शेवटी थकलेल्या बोटांच्या चुकाच पक्क्या होतात. लोकलमध्ये मोबाइलवर अंगठ्यांनी केलेलं टायपिंग यात धरू नका.

मान खाली घालून की बघणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद. एफ आणि जे या कींवरचे उंचवटे त्यासाठीच असतात. तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची बोटं जागेवर. बोटांना पुढे बऱ्याच गोष्टी आपल्याआधी कळू लागतात. २०१० मध्ये अमेरिकेत लोगन आणि क्रम्प यांनी सराईत टायपिस्टच्या पडद्यावर मुद्दाम खोट्या चुका दाखवल्या. त्या आपल्याच, असं टायपिस्टना वाटलं. पण बोटं खऱ्या चुकीनंतरच मंदावली. तेव्हा लय अचानक अडखळली की तिथेच बॅकस्पेस मारा. ओळ संपेपर्यंत थांबलात तर दुरुस्ती महाग पडते.

वाढ थांबली तर आधी कीबोर्ड बघा. मागचे पाय उभे असतील तर दुमडा, त्यांनी मनगट वर मुडपतं. कोपर टेबलाच्या उंचीला येईल अशी खुर्ची ठेवा. मनगट टेबलाच्या कडेवर दाबू नका. मुंग्या किंवा दुखणं सुरू झालं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.