चरबीच्या थेंबाला 'अंगक' व्हायला शंभर वर्षं का लागली

जांभळी नाक्यावरून आणलेल्या शेंगदाण्याचा पातळ काप, त्यावर सुदान थ्री या चरबी रंगवणाऱ्या रंगाचा थेंब, आणि मायक्रोस्कोपखाली लालसर ठिपके, हे प्रॅक्टिकल बहुतेकांनी केलेलं असतं. जर्नलमध्ये 'मेद आढळला' लिहायचं, सही घ्यायची, विषय संपला. ठाण्यात मी अकरावीला बायो शिकवतो, गेल्या बॅचमधल्या एकीने विचारलं की सर, लयकारिका (लायसोसोम) अंगक, तंतूकणिका (मायटोकॉन्ड्रिया) अंगक, म्हणजे पेशीत ठरावीक काम करणारे भाग, मग हे चरबीचे ठिपके कोण?

आता त्यांनाही अंगकच म्हणतात, पण हे फार उशिरा झालं. १८९० च्या दशकातच हे थेंब बघून वर्णन करून झालं होतं, मग त्यांना स्टार्चच्या कणांशेजारी 'साठा' म्हणून बसवलं आणि विसरले. यात निम्मा दोष स्लाइडचा, असं माझं मत. पातळ काप घेण्यासाठी नमुन्याचा मेणातला ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, करायचा तर नमुना आधी अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावा लागतो, त्यात चरबी विरघळून जाते आणि मागे पांढरं गोल भोक उरतं. फॅटी लिव्हरच्या बायोप्सीत आजही डॉक्टर ही भोकंच बघतात. ऑस्मियमने चरबी काळी करायची, नमुना गोठवून काप म्हणजे फ्रोझन सेक्शन घ्यायचं, सगळं माहीत होतं, पण रोजच्या कामात कोण एवढं करतंय.

दुसरं कारण पटलाचं, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाचं. बाकी अंगकांना दुपदरी पटल, याला फॉस्फोलिपिडचा एकच पदर, म्हणून हा अंगक नाही. अरे पण प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला तर पटलच नाही, तरी तो यादीत आहे ना!

आणि नावांचा घोळ तर विचारू नका. वनस्पतीवाले 'ऑइल बॉडी' म्हणायचे, त्याआधी 'स्फीरोसोम', यीस्टवाले 'लिपिड पार्टिकल', कीटकांत 'फॅट बॉडी' म्हणजे तर अख्खा अवयवच. 'लिपोसोम' हे नाव आधी या थेंबांसाठी वापरलं जायचं, ते १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत बनवलेल्या दुपदरी पोकळ फुग्यांना मिळालं आणि तिकडेच राहिलं, आज क्रीमच्या डब्यावर दिसतं ते हेच. २००० नंतर 'अ‍ॅडिपोसोम' आणायचा प्रयत्न झाला, तोही टिकला नाही. शेवटी साधं 'लिपिड ड्रॉपलेट' उरलं. माझ्या मते हेही चुकीचंच, थेंब म्हटलं की तेलाचा तवंग डोळ्यासमोर येतो, कामं करणारी वस्तू नाही.

चित्र पालटलं ते १९९१ मध्ये, थेंबाच्या पृष्ठभागावर बसणारं पेरिलिपिन हे प्रथिन सापडलं तेव्हा. चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला आत कधी सोडायचं हे ते ठरवतं, म्हणजे दारावर वॉचमन आहे. पुढे त्याचे भाऊबंद सापडत गेले, प्रत्येकाचं नाव वेगळं, मग २०१० मध्ये सगळ्यांना पेरिलिपिन १ ते ५ असे नंबर दिले. थेंब जन्मतो आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) पटलाच्या दोन पदरांमध्ये, भिंगासारखा फुगत, आणि त्याच्या मानेपाशी सेपिन नावाचं प्रथिन असतं. त्याचं जनुक बिघडलं तर त्वचेखाली चरबीच साठत नाही, ती लिव्हरमध्ये जाते. हिपॅटायटिस सीचा व्हायरस नवे कण जुळवताना याच थेंबांचा आधार घेतो हे २००७ मधलं.

उत्क्रांतीचं थोडक्यात सांगतो. बहुतेक बॅक्टेरिया चरबीऐवजी वेगळंच पॉलिमर साठवतात, टीबीचा जंतू मात्र हीच चरबी भरून सुप्त पडून राहतो. आपल्याकडे चरबी बनवण्याची शेवटची पायरी करणारी दोन एन्झाइम्स आहेत, काम एकच पण घराणी वेगळी, बॅक्टेरियाचं तिसरंच, म्हणजे ही युक्ती एकदाच सुचलेली नाही. शेंगदाण्यात पेरिलिपिनऐवजी ओलिओसिन हे प्रथिन असतं, त्यामुळे दाणा पार वाळला तरी थेंब एकमेकांत मिसळत नाहीत.

दुधातला थेंब तर पेशीतून निघताना तिचं दुपदरी पटल वर पांघरून येतो. आता पटल मिळालं, पण पेशी सुटली. याला काय म्हणायचं हे त्या मुलीने अजून विचारलेलं नाही.