लाल दिव्यातली पाचवी कॉपी

लहानपणी मामाच्या फोटो स्टुडिओत मी एकदाच जोरदार ओरडा खाल्लाय, तो कागदाचा डबा उघडला म्हणून. आत काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोरे पांढरे कागद होते, मी बघितले, परत जसेच्या तसे ठेवले, तरी मामाने अख्खं पाकीट फेकून दिलं कारण खोलीत ट्यूबलाइट चालू होती. मला तेव्हा कळेना की नुसतं बघितल्याने कागद खराब कसा होतो. तो डबा आता परत आठवला, अर्जेंटिनातल्या व्हिक्टर बास्तेरा या माणसाबद्दल वाचताना, कारण त्याचा जीव आणि त्याचा सगळा पुरावा असल्याच डब्यांनी वाचवला.

आधी कागदाचं बघू. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड, सिल्व्हर क्लोराइडचे अगदी बारीक स्फटिक अडकवलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकातला एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, चांदीच्या आयनाला जाऊन मिळतो आणि तिथे शुद्ध चांदीचा एक अणू तयार होतो. असे मोजके अणू एका जागी जमले की झालं, त्या स्फटिकावर खूण बसली. डोळ्याला काहीच दिसत नाही, कागद पांढराच, पण चित्र आत येऊन बसलेलं असतं, त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात. मग डेव्हलपर नावाच्या रसायनात टाकल्यावर ज्या स्फटिकांवर खूण आहे ते अख्खेच्या अख्खे काळ्या चांदीत बदलतात, म्हणजे चार-पाच अणूंचा परिणाम कोट्यवधी पटीने मोठा होऊन समोर येतो, आणि उरलेले स्फटिक हायपो नावाचं दुसरं रसायन विरघळवून टाकतं. लाल प्रकाशाच्या कणात ऊर्जा कमी, त्याने या कागदातला इलेक्ट्रॉन सुटत नाही, म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा. आणि डबा साध्या उजेडात उघडला तर सगळ्याच स्फटिकांवर खूण बसते, असा कागद डेव्हलपरमध्ये टाकला की पूर्ण काळा. मामाचं पाकीट असं गेलं.

आता अर्जेंटिना. 24 मार्च 1976 ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि नंतर माणसं उचलायला सुरुवात केली, घरातून, रस्त्यातून, कामावरून. अटकेचा कागद नाही, खटला नाही, घरच्यांनी विचारलं की उत्तर एकच, असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. 1984 च्या चौकशी आयोगाने 8,961 बेपत्ता लोकांची नोंद केली, मानवी हक्क संघटना आकडा 30,000 सांगतात. ब्युनोस आयर्स शहरातच नौदलाची एक तांत्रिक शाळा होती, तिच्या नावाची आद्याक्षरं जुळवून लोक तिला एस्मा म्हणतात. मोठा रहदारीचा रस्ता, झाडं, पांढरे खांब, आणि आत छळछावणी. साधारण 5,000 माणसं तिथून गेली, बहुतेकांना मारलं, कित्येकांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून पाण्यात फेकलं.

बास्तेरा छापखान्यातला कामगार. ऑगस्ट 1979 मध्ये त्याला, त्याच्या बायकोला आणि काही महिन्यांच्या मुलीला उचललं. त्याचा भयंकर छळ केला, पण त्याच्या हातात कसब होतं, छपाई येत होती, कागद कळत होता, म्हणून जिवंत ठेवून तळघरात कामाला बसवलं. काम काय, तर नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी खोटे पासपोर्ट, खोटी ओळखपत्रं, लायसन्स. हे अधिकारी खोट्या नावांनी माणसं उचलायचे, परदेशात जायचे, आणि खोट्या नावाला सुद्धा खरा चेहरा चिकटवावा लागतोच ना. म्हणजे बघा, ज्या लोकांनी हजारो माणसं गायब केली ते स्वतः एकेक करून त्याच तळघरात, आपल्याच कैद्याच्या कॅमेऱ्यासमोर सरळ बसून फोटो काढून घेत होते.

एका माणसाच्या कागदपत्रांना चार कॉप्या लागायच्या. बास्तेरा पाच काढायचा.

ज्यांनी पूर्वी स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढलेत त्यांना हे लगेच समजेल. निगेटिव्ह एनलार्जरमध्ये, म्हणजे तिच्यातून कागदावर उजेड पाडणाऱ्या यंत्रात, एकदा लावली, फोकस झालं, किती सेकंद उजेड द्यायचा ते ठरलं की पुढची कॉपी काढायला एक मिनिट सुद्धा लागत नाही आणि निगेटिव्हवर त्याची काही खूण राहत नाही, किती कॉप्या निघाल्या ते फक्त काढणाऱ्याला माहीत. ही पाचवी कॉपी ठेवायची कुठे? तळघरात सगळीकडे झडती व्हायची. त्याने ती कोऱ्या कागदाच्या डब्यात, कागदांच्या मधे सरकवून ठेवली, कारण पहारेकऱ्यांना एवढं पक्कं माहीत होतं की हा डबा उजेडात उघडला की माल वाया. चांदीच्या क्षाराच्या त्या स्वभावाने एका माणसाला झडतीतून वाचवलं, आणि मला ही गोष्ट रसायनशास्त्राच्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त लक्षात राहिलीय.

शेवटच्या काळात त्याला अधूनमधून पहाऱ्यात घरी जाऊ द्यायचे तेव्हा अंगावरच्या कपड्यात लपवून थोडं थोडं तो बाहेर काढत गेला. अधिकाऱ्यांचे फोटो, खोटी कागदपत्रं. त्यात अजून एक गोष्ट होती जी बघताना फार त्रास होतो. कैद्यांना आणल्यावर त्यांचेही फोटो काढलेले होते, त्या निगेटिव्ह जाळायच्या ढिगात पडल्या होत्या, त्यातल्या हाताला लागल्या तेवढ्या त्याने उचलल्या. भिंतीपुढे उभी केलेली तरुण मुलं-मुली, काहींच्या चेहऱ्यावर मारल्याच्या खुणा. त्यातले बरेच जण परत कधीच दिसले नाहीत. सरकार म्हणत होतं असा कोणी माणूस आमच्याकडे नाही, आणि त्याच सरकारच्या कॅमेऱ्याने, त्याच सरकारच्या फिल्मवर त्या माणसाचा चेहरा उमटवून ठेवला होता.

डिसेंबर 1983 मध्ये हुकूमशाही गेली, बास्तेरा सुटला, पण त्यानंतरही काही महिने नौदलाची माणसं त्याच्यावर नजर ठेवून होती. 1984 मध्ये त्याने सगळं बाहेर आणलं आणि 1985 मध्ये लष्करी प्रमुखांवरच्या खटल्यात कित्येक तास साक्ष दिली. 9 डिसेंबर 1985 च्या निकालात विदेला आणि मासेरा या दोघांना जन्मठेप झाली, विदेला लष्करी राजवटीचा प्रमुख होता आणि मासेरा नौदलाचा.

तीस वर्षांनी सीरियात जवळपास हेच घडलं, फक्त चांदीच्या जागी डिजिटल फाइल्स. दमास्कसच्या लष्करी पोलिसातला एक फोटोग्राफर, काम असं की कोठडीत मेलेल्यांचे फोटो काढायचे, प्रत्येक प्रेताजवळ कैद्याचा नंबर, त्याला पकडणाऱ्या शाखेचा नंबर. तो पेन ड्राइव्हवर फोटो चोरत राहिला आणि 2013 मध्ये देश सोडून गेला. जग त्याला सीझर या टोपणनावाने ओळखायचं, असद सरकार पडल्यावर 2025 मध्ये त्याने स्वतःच नाव सांगितलं, फरीद अल-मधान. एकूण 53,275 फोटो होते. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने ते तपासले तेव्हा फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपोआप लिहिलेली तारीख बघितली, मागे दिसणारं आवार उपग्रहाच्या फोटोशी जुळवून ते दमास्कसमधल्या मेझ्झे भागातल्या लष्करी हॉस्पिटलचं आहे हे ठरवलं, नातेवाईकांना भेटून माणसं ओळखली, आणि कोठडीत मेलेले किमान 6,786 जण वेगळे मोजले. नंतर जर्मनीत कोब्लेन्झच्या कोर्टात हे फोटो पुरावा म्हणून आले आणि तिथे जानेवारी 2022 मध्ये सीरियाच्या गुप्तचर खात्यातल्या एका माजी कर्नलला जन्मठेप झाली.

लोक विचारतात की खुनी माणसं स्वतःच्या गुन्ह्याचे फोटो काढतातच कशाला. मला वाटतं ते त्याला गुन्हा समजत नाहीत, ऑफिसचं काम समजतात. वरच्याला दाखवायला नोंद लागते, नोंदीला फोटो लागतो, आणि फोटो काढायला, धुवायला, कॉपी करायला कसबी माणूस लागतो, तिथे त्यांना दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवावा लागतो.

आणि कधी कधी फोटो खोटं बोलायलाच काढलेला असतो. डिसेंबर 1977 मध्ये आलीस दोमों आणि लिओनी दुके या दोन फ्रेंच नन्सना उचललं, त्या बेपत्ता लोकांच्या आयांना मदत करत होत्या. फ्रान्समधून आरडाओरडा सुरू झाला तेव्हा एक फोटो बाहेर आला, दोघी शेजारी बसलेल्या, मागे मोन्तोनेरो या सशस्त्र गटाचा बॅनर, समोर ला नासिऑन पेपरचा अंक. अर्थ असा की यांना बंडखोरांनी पळवलंय, आमचा काही संबंध नाही. तो फोटो एस्माच्या तळघरात काढला होता, हे तिथून वाचलेल्या कैद्यांनी नंतर सांगितलं. बॅनर खोटा, पण भिंगातून आलेला प्रकाश त्या दोघींच्या अंगावरूनच आला होता. पेपर समोर ठेवला होता खोटं खरं वाटावं म्हणून, आणि नेमकं त्यानेच सिद्ध होतं की पेपर छापला तेव्हा त्या जिवंत होत्या आणि नौदलाच्या ताब्यात होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत समुद्रकिनाऱ्यावर काही प्रेतं लागली, ती बेवारस म्हणून पुरून टाकली. 2005 मध्ये अर्जेंटिनाच्या फॉरेन्सिक मानववंशशास्त्र पथकाने ती हाडं काढून तपासली, उंचावरून आपटल्यावर होतात तशी फ्रॅक्चर्स होती, आणि डीएनएवरून त्यातली एक लिओनी दुके निघाली. तिला सांता क्रूझ चर्चच्या आवारात पुरलंय, याच चर्चमधून डिसेंबर 1977 मध्ये आलीस दोमों आणि तिच्यासोबतच्या लोकांना उचललं होतं. फोटोत तिच्या शेजारी बसलेली आलीस अजून सापडलेली नाही.