चमचाभर औषध म्हणजे नेमके किती?

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतल्या आमच्या घरी एका रात्री भाचीला ताप चढला. ती तेव्हा दहा महिन्यांची होती आणि तिचे वजन आठ किलो होते. आईने फ्रिजवरची तापाच्या औषधाची बाटली उचलली आणि सवयीने चहाचा चमचा पुढे केला, कारण भाचीच्या थोरल्या भावाला ती नेहमी तसेच चमचाभर औषध देत आली होती. बहिणीने तिचा हात धरला तेव्हा कुठे लक्षात आले, की कंपनी तीच आणि औषधाचा रंगही तोच असला, तरी या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘ड्रॉप्स’ असे छापलेले आहे. सोबत आलेला ड्रॉपर केव्हाच हरवला होता.

पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये आपल्याकडे सहसा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर लहान मुलांच्या नेहमीच्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५, म्हणजे मिलिलिटरला अवघे २५ मिलिग्रॅम असते. तान्ह्या बाळाचे औषध सौम्य असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बाळ फार थोडे गिळते म्हणूनच ते चौपट तीव्र केलेले असते. मुलांना एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल देतात. त्या हिशेबाने भाचीला ८० ते १२० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १ मिलिलिटर ड्रॉप्स पुरेसे होते. ५ मिलिलिटरच्या चमच्यातून ५०० मिलिग्रॅम गेले असते, आणि मोठ्या माणसाच्या एका गोळीतही तेवढेच असते.

तेवढ्या एका चमच्याने यकृत निकामी होईल असे नाही. खरा धोका तोच चमचा दर सहा तासांनी दिला जाण्यात आहे. यकृत पॅरासिटामॉलचे विघटन करते तेव्हा थोडा विषारी उपपदार्थ तयार होतो आणि पेशींमधले ग्लुटाथायोन त्याला लगेच निष्प्रभ करते. मात्रा वाढत गेली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मग तो उपपदार्थ यकृताच्या पेशींवरच उलटतो. पहिल्या दिवशी मूल बहुधा ठीकच दिसते, ही यातली सर्वांत फसवी गोष्ट. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. म्हणून जास्त मात्रा गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता बाटलीसकट रुग्णालय गाठावे.

अशा वेळी घरातल्या बाईला निष्काळजी ठरवणे सोपे असते, पण मला ते पटत नाही. रात्री दोन वाजता, मूल रडत असताना, दोन सारख्या बाटल्यांमधला फरक झोपाळू डोळ्यांनी ओळखावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. अमेरिकेत २०११ मध्ये औषध कंपन्यांनी बाळांसाठीचे तीव्र ड्रॉप्स बंद करून विनाचिठ्ठी मिळणारी लहान मुलांची पातळ पॅरासिटामॉल औषधे एकाच तीव्रतेची, ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम अशी, करण्याचे ठरवले. गोंधळाला जागा कमी करण्याचा हा मार्ग मला कोणत्याही उपदेशापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

मापाचेही तसेच आहे. घरातले चमचे एकमेकांच्या मापाचे नसतातच, पण बाटलीवरचे मापाचे टोपणही वाटते तितके अचूक नसते. तीन सेंटिमीटर रुंदीच्या टोपणात पातळी एक मिलिमीटरने चुकली, तर सुमारे ०.७ मिलिलिटर औषध कमीजास्त होते; सव्वा सेंटिमीटर रुंदीच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच चुकीने जेमतेम ०.१२ मिलिलिटरचा फरक पडतो. नळी जितकी अरुंद, तितकी नजरेची चूक स्वस्तात सुटते.

दुसऱ्या दिवशी रविवार कारंजावरच्या एका मेडिकलमधून बहिणीने बिनसुईची सिरिंज आणली, डॉक्टरांनी सांगितलेल्या १ मिलिलिटरच्या खुणेवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आणि ती रबराने ड्रॉप्सच्या बाटलीला बांधून टाकली. सिरपची बाटली आता स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर असते.