रसायनशास्त्राचा तास: जाळ कमी, थेंब जास्त

मिथेनॉल या अल्कोहोलची ज्योत फिकट असते, जवळजवळ रंगहीन. म्हणूनच ‘इंद्रधनुष्य’ नावाच्या प्रयोगासाठी जगभरच्या शिक्षकांना मिथेनॉल फार आवडायचं. टेबलावर ओळीने वाट्या मांडायच्या, प्रत्येकीत वेगळा क्षार, वरून मिथेनॉल ओतायचं आणि काडी लावायची. स्ट्रॉन्शियमची ज्योत लालभडक, तांब्याची हिरवी, सोडियमची पिवळी. तापलेल्या अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात आणि खाली उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतात, हे एका नजरेत दिसतं. वर्ग अवाक होतो.

घात होतो तो ज्योत मंदावल्यावर. वाटी विझली असं वाटतं आणि शिक्षक कॅनमधून आणखी थोडं मिथेनॉल ओततात. पण फिकट ज्योत उजेडात नुसती दिसत नसते, ती तिथे असते. सुमारे ११ अंश सेल्सिअसलाच मिथेनॉलवर पेट घेण्याइतकी वाफ जमू लागते, त्यामुळे अर्धवट रिकाम्या कॅनमध्ये वाफ आणि हवा यांचं तयार मिश्रण असतं. ओतल्या जाणाऱ्या धारेवरून आग कॅनमध्ये शिरते, आतली वाफ पेटते आणि जळतं मिथेनॉल पिचकारीसारखं समोर फेकलं जातं. ते जातं पुढच्या बाकावरच्या मुलांकडे. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शाळेत याच प्रयोगात एक मुलगा गंभीर भाजला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेन्व्हरची एक शाळा आणि रिनोचं एक मुलांचं संग्रहालय, अशा दोन ठिकाणी मिथेनॉलच्याच प्रयोगात मुलं भाजली. त्यानंतर अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने शाळांना जाहीर इशारा दिला.

आपल्याकडे वाटीत मिथेनॉल सहसा कुणी पेटवत नाही. पण स्पिरिटचा दिवा प्रयोगशाळेत असतोच, आणि तो जळत असताना किंवा नुकता विझवून गरम असताना वरून भरणं म्हणजे अगदी हाच अपघात ओढवून घेणं. दिवा विझवा, गार होऊ द्या, मग भरा, बाटली लांब नेऊन झाकण लावा, मगच काडी ओढा.

माझा त्या इंद्रधनुष्यावर आणखी एक आक्षेप आहे. तो शिकवण्याचा प्रयोग म्हणूनही कच्चा आहे. मुलं हाताची घडी घालून बघतात, टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. तेच रंग आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांवर दाखवता येतात. मीठ, मोरचूद (कॉपर सल्फेट), कॅल्शियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांच्या द्रावणांत काड्या रात्रभर भिजवायच्या. दुसऱ्या दिवशी नावं न सांगता त्या गटागटाला द्यायच्या आणि ज्योतीत क्षणभर धरून ओळखायला सांगायचं. काडी जळू लागली की लगेच पाण्याच्या भांड्यात. इथे एक छान घोटाळा हमखास होतो: पोटॅशियमची काडीही पिवळीच दिसते. कारण सोडियमचा पिवळा इतका जोरकस, की बोटांच्या घामातलं मीठसुद्धा पोटॅशियमची जांभळी छटा झाकून टाकतं. कोबाल्टची निळी काच डोळ्यांपुढे धरली की पिवळा अडतो आणि जांभळा उमटतो. ‘सर, आमची काडी चुकीची आहे’ म्हणणाऱ्या गटाला उत्तर न देता ही काच द्यावी. त्या पाच मिनिटांत वर्णपटाबद्दल जे समजतं, ते फळ्यावर तासभर लिहून समजत नाही.

हाच विचार पुढे नेला की सूक्ष्म प्रमाणातल्या रसायनशास्त्राशी येऊन पोचतो. ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर द्रावण असतं. परीक्षानळीत आपण सहज १० मिलिलिटर ओततो. तेच काम दोन थेंबांत, म्हणजे शंभरपट कमी द्रावणात होतं. साठ मुलांच्या वर्गात जोड्या पाडल्या तर एका द्रावणाचे ३०० मिलिलिटर लागायचे, तिथे ३ पुरतात. सांडलं तर टिपकागदाने पुसता येतं. ‘साहित्य नाही’ म्हणून प्रात्यक्षिक फक्त सरांनी करायचं, हे कारणही मग उरत नाही.

माझा आवडता प्रयोग असा: पारदर्शक प्लॅस्टिकच्या फाइलचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि त्यावर रुपयाच्या नाण्याएवढं पाणी पसरायचं. एका काठाला मोरचुदाचा बारीक खडा टूथपिकने ढकलायचा, समोरच्या काठाला धुण्याच्या सोड्याचा. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. आधी काय होईल ते वहीत लिहून घ्यायचं. मोरचुदाभोवती निळसर वलय पसरू लागतं. सोड्याच्या बाजूला काहीच दिसत नाही. आणि मग दोघांच्या मधे, जिथे कुणी काही टाकलेलं नाही तिथे, निळसर हिरव्या साक्याची रेघ उमटते. आयन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण, पाण्यातून चालत येऊन भेटले. द्विअपघटन, म्हणजे दोन क्षारांनी आयनांची अदलाबदल करणं, हा शब्द याच्यानंतर सांगितला तर चिकटतो. मोरचूद मात्र पोटात गेलं तर विषारी असतं. द्राक्षबागांत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांच्या मुलांना हे ठाऊक असतं, इतरांना सांगावं लागतं. डबा टेबलावर नको, प्रयोगानंतर साबणाने हात धुवायचे.

थेंब वापरले म्हणून गॉगल टळत नाही. आपली सगळी भीती ॲसिडला वाहिलेली असते, पण डोळ्यांच्या बाबतीत अल्कली जास्त घातक. आम्लामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं साकळतात आणि आम्ल बरंचसं तिथेच अडतं. कॉस्टिक सोडा किंवा चुना पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करत आत आत शिरतो. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे गेल्याच्या घटना आपल्या देशात नेत्रतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत. हे वर्गात स्पष्ट सांगायला हवं. डोळ्यात काही उडालं तर चोळायचं नाही, पापण्या उघड्या धरून निदान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो, हेही याच तासाला सांगावं. मुलं घरी प्रयोग करणारच, केलेच पाहिजेत.

काही गोष्टी पडद्यावरच बघाव्यात. पाण्यात सोडियमचा स्फोट का होतो, याचं ‘हायड्रोजन पेटतो’ हे उत्तर अपुरं आहे. २०१५ मध्ये प्रागच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं, की सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूच्या थेंबातून एका मिलिसेकंदाच्या आतच धातूचे काटे बाहेर फुटतात. इलेक्ट्रॉन पाण्यात पळतात, मागे उरलेले धनभारित आयन एकमेकांना ढकलतात आणि धातू फाटतो. वर्गातल्या डोळ्यांना हे प्रत्यक्षात कधीच दिसलं नसतं.

मुलांच्या हातात प्रयोग देणं भारतातल्या सरकारी शाळांत जमतं का, याचं उत्तर जुनं आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्वस्त साहित्याची पेटी, गटात केलेले प्रयोग, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा आणि शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा. २००२ पर्यंत तो चालला. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट परीक्षाच होती. गुण पाठांतराला असतील तर कुठल्याही प्रयोगाचा शेवट जर्नल उतरवून काढण्यातच होतो.

आता राहिला कचरा. तांब्याचं द्रावण बेसिनमध्ये ओतू नये, ते पाण्यातल्या जिवांना घातक असतं. सगळ्या जोड्यांचे थेंब आणि साके एका बरणीत जमवावेत आणि फेस येईनासा होईपर्यंत त्यात व्हिनेगर घालावं. सोडा संपतो, साका विरघळतो. मग पॉलिश पेपरने घासलेले लोखंडी खिळे आत सोडावेत. पुढच्या तासापर्यंत खिळ्यांवर तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग उतरतो. लोखंडाने द्रावणातल्या तांब्याची जागा घेतली; विस्थापन अभिक्रियेचा धडा त्या बरणीवरूनच सुरू करता येतो.