सायडिंगला टाकलेली पॅसेंजर आणि चालू ठेवलेलं इंजिन

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तो फॉरवर्ड आला. 'रेल्वेचं डिझेल इंजिन स्टेशनात तासन्‌तास चालू का ठेवतात? कारण एकदा बंद केलं की परत चालू करायला २५ लीटर डिझेल लागतं!' मागच्या वर्षी हाच आकडा ५० होता. महागाईच्या काळात तेवढाच दिलासा.

मी कोकणातला, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर गेला. मधली चोवीस वर्षं आमची पॅसेंजर डिझेलवर धावली. धावली म्हणजे काय, निम्मा वेळ उभीच होती. मार्ग एकेरी, मागून-पुढून एक्सप्रेस आली की पॅसेंजर सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर. रत्नागिरीजवळच्या उक्षी स्टेशनात तशा बाजूच्या लूप लाइनला तासभर बसून मी कितीदा तरी ऐकलंय ते पुढचं धडधड, धडधड. पोरं फलाटावर उतरायची, कुणी करवंदं घ्यायचं, आणि कुणी ना कुणी म्हणायचंच, 'अरे, बंद करा की ते, किती डिझेल जाळताय!'

आधी त्या २५ लीटरचा हिशोब करू. त्या काळातलं ओळखीचं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेच्या आल्को कंपनीचा नमुना, १९६२ पासून आयात झाला आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागला. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन जवळपास ११३ टन, टाकीत ५००० लीटर डिझेल. आठव्या नॉचवर (नॉच म्हणजे जोर ठरवणाऱ्या दांड्याचा टप्पा), म्हणजे पूर्ण जोरात, ते तासाला साधारण ५०० लीटर पितं. मिनिटाला आठ लीटर. मग चालू होण्याच्या काही सेकंदांत २५ लीटर जाणार कुठे? पूर्ण ताकदीनं ओढतानासुद्धा तेवढं डिझेल संपायला तीन मिनिटं लागतात. नुसत्या सुरुवातीला २५ लीटर ओतलं तर इंजिन सुरू होणार नाही, बुडेल.

मुळात पहिला फेरा डिझेल देतच नाही, बॅटरी देते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दट्ट्या साडेबारा पटीनं दाबतो, ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम होतो, तोच प्रकार, फक्त भयंकर. पण हवा दाबायला दट्ट्या हलायला हवा, आणि दट्ट्या हलायला इंजिन फिरायला हवं. एवढं धूड फिरवणार कोण? मोटारीत छोटा स्टार्टर असतो. इथे इंजिनाला जोडलेला मुख्य जनरेटरच काही सेकंदांसाठी मोटर होतो. ६४ व्होल्टच्या बॅटरीतून त्याला वीज देतात, तो इंजिनाला गरगरवतो, सिलिंडर पेटले की पुन्हा जनरेटर होऊन कामाला लागतो.

मला या यंत्रात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. शाळेत मोटर आणि जनित्र असे दोन वेगळे धडे असतात, दोन आकृत्या, दोन्हींना पाच-पाच गुण. प्रत्यक्षात यंत्र एकच. वीज घातली तर फिरतं, फिरवलं तर वीज देतं.

(इंजिनाच्या हुकाला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. लिंबाचा आणि विजेचा संबंध आहे, नाही असं नाही. जस्त आणि तांब्याची पट्टी खोचली तर एका लिंबातून व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. सत्तरेक लिंबांत बॅटरीएवढे व्होल्ट होतील. प्रवाह मात्र मिलिअँपियरमध्ये, आणि इंजिन फिरवायला लागतात शेकडो अँपियर. बाजार उठवलात तरी सोळा सिलिंडर हलणार नाहीत.)

आता दुसरा गैरसमज, जो फॉरवर्डमध्ये नसतो पण बहुतेकांच्या मनात असतो. डिझेल इंजिन चाकं फिरवतं, असा. या जातीच्या इंजिनात ते चाकांना जोडलेलंच नाही! का नाही, ते एका गुणाकारात कळतं. इंजिन रिकामं चालतानाही मिनिटाला ४०० फेरे घेतं, त्याखाली आणलं तर आचके देऊन बंद पडेल. चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ३.४ मीटर. इंजिन चाकांना थेट जोडलं तर गाडीचा कमीत कमी वेग होईल ताशी ८२ किलोमीटर. उक्षीहून निघताना पहिल्याच क्षणी ८२! मोटारीत यावर उपाय गिअर आणि क्लच. पण भरलेली सतरा डब्यांची गाडी इंजिनासकट ढोबळमानानं ९०० टन भरते. तेवढं वजन हळूहळू ओढायला क्लच घसरवत बसलात तर त्याचा कोळसा होईल.

म्हणून इंजिन फक्त जनरेटर फिरवतं. वीज तारांमधून खाली जाते, सहा धुऱ्यांवरच्या सहा मोटरींना. म्हणजे आमची पॅसेंजर चोवीस वर्षं विजेवरच चालत होती, वीजघर तेवढं सोबत घेऊन हिंडत होती.

आणि या मोटरींचं वागणं तर फारच गोड. गाडी उभी असताना प्रवाहाला अडवायला फक्त मोटरच्या वेटोळ्याचा अगदी नगण्य रोध असतो. थोडासा विजेचा दाब (व्होल्टेज) दिला तरी प्रचंड प्रवाह वाहतो, आणि मोटरचा जोर प्रवाहावर ठरतो, म्हणून सुरुवातीलाच सगळ्यात मोठा रेटा मिळतो. मोटर फिरू लागली की वर सांगितलेला उलटा स्वभाव जागा होतो. फिरणारी मोटर स्वतःच जनरेटर बनून उलट्या दिशेनं दाब निर्माण करते. याला बॅक ईएमएफ म्हणतात. वेग वाढेल तसा हा विरोध वाढतो, प्रवाह आटतो, जोर कमी होतो. गिअर बदलताना आपण हातानं जे करतो, ते इथे निसर्गनियमच करून देतात.

इथे थोडा दम धरा. वेग वाढला की जनरेटरनं दाब वाढवायला हवा, नाहीतर गाडी रेंगाळेल. पण दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, आणि ती इंजिनाच्या कुवतीबाहेर जाता कामा नये. ही तारेवरची कसरत गव्हर्नर नावाचं नियंत्रक यंत्र सांभाळतं. लोको पायलटनं नॉच टाकला की इंजिनाचे फेरे ठरतात. फेरे कमी पडू लागले की गव्हर्नर डिझेल वाढवतो. डिझेल त्या नॉचच्या वाट्यापेक्षा जास्त लागतंय असं दिसलं की तो जनरेटरचं चुंबकत्व किंचित उतरवतो, म्हणजे इंजिनावरचा बोजाच हलका करतो. परिणामी चाकांवरची शक्ती स्थिर राहते. ती १६०० किलोवॅट धरा. ताशी २० किलोमीटरला ओढ येते २९ टनांची, ८० ला फक्त ७ टनांची. शक्ती तीच, वेग चौपट, ओढ पाव. याचा आलेख काढलात तर देखणा अपास्त येतो. ज्यांना अपास्त आठवत नाही त्यांनी पुढच्या परिच्छेदात भेटावं.

सुरुवातीची ओढ ३० टनांच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. कोकणातल्या पावसात तर रूळ आणि त्यावर चिकटलेला पालापाचोळा मिळून साबण होतो. मग पायलट चाकांपुढे वाळू सोडतो. हजारो अश्वशक्तीच्या यंत्राची मदार शेवटी मूठभर वाळूवर. आणि नॉच घाईनं चढवले की तो प्रसिद्ध काळा धूर. रील बनवणारे त्याला 'पॉवर' म्हणतात. तो टर्बोचार्जर (सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा) वेग धरायच्या आत अर्धवट जळालेल्या डिझेलचा कार्बन असतो, म्हणजे चाकांपर्यंत न पोचलेली पॉवर.

आता खरा खर्च. ९०० टनांची गाडी ताशी ८० वर न्यायची तर सुमारे २२ कोटी ज्यूल गतिज ऊर्जा द्यावी लागते. लीटरभर डिझेलमध्ये साडेतीन कोटी ज्यूल असतात, त्यातले चाकांपर्यंत जेमतेम एक तृतीयांश पोचतात. हिशोब येतो १८ लीटरच्या आसपास. म्हणजे आरवलीला थांबून निघालात, १८ लीटर. संगमेश्वरला थांबलात, पुन्हा १८. ब्रेक लावला की त्या सगळ्याची उष्णता होऊन हवेत जाते. (ज्या डिझेल इंजिनांना डायनॅमिक ब्रेक असतो त्यांत चाकं मोटरींना फिरवून त्यांचे जनरेटर करतात, पण ती वीज इंजिनावरच्या शेगडीत जाळून टाकावी लागते, कारण ठेवणार कुठे? आता नव्या विजेच्या इंजिनांत ती वरच्या तारेत परत जाते.) आणि रिकामं चालताना हे इंजिन तासाला पितं वीस-पंचवीस लीटर. उक्षीचा तो तासभर, ज्यावरून डबाभर लोक हळहळायचे, जवळपास एका थांब्याएवढाच महाग होता.

तरीही वीस लीटर ते वीस लीटर. मग बंद का करत नव्हते? एकदा उक्षीला इंजिनाजवळ जाऊन विचारलं होतं. खिडकीतून उत्तर आलं, 'हवा उतरली तर तू ढकलशील काय?' तेव्हा चेष्टा वाटली. पण रेल्वेचा ब्रेक उलटा असतो. गाडीभर जाणाऱ्या नळीत हवेचा दाब असेल तर ब्रेक सुटलेला, दाब गेला की लागलेला. नळी तुटली तर गाडी आपोआप थांबावी म्हणून. सतरा डब्यांच्या सांध्यांमधून हवा थोडीथोडी झिरपत असते, आणि ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन बंद, तर काही वेळानं ब्रेक बसलेले. सिग्नल मिळाल्यावर आधी इंजिन चालू करा, मग सगळी हवा भरा, मग निघा. एकेरी मार्गावर तेवढ्यात मागची गाडी खोळंबते. त्यात बॅटरी जुनी असेल तर चालू होण्याचीही खात्री नाही. पुढे काही इंजिनांत रेल्वेनं एक धाकटं इंजिन बसवलं. मोठं झोपलं की ते हवा आणि बॅटरी सांभाळतं.

एक गोष्ट मात्र त्या चालू इंजिनातून आम्हाला कधीच मिळाली नाही, ती म्हणजे पंख्याची वीज. पॅसेंजरच्या डब्यांचे दिवे-पंखे डब्याखालच्या बॅटरीवर, आणि ती भरणारा छोटा जनरेटर डब्याच्याच धुरीला पट्ट्यानं जोडलेला. गाडी उभी तर तो उभा. त्यामुळे लांबलेल्या क्रॉसिंगला मे महिन्यात पंखे मंदावायचे, दिवे पिवळे पडायचे. मग एक्सप्रेस धडधडत जायची, सिग्नल पडायचा, पुढे आवाज चढायचा, कपलिंगचे हिसके एकामागून एक मागे यायचे. गाडीनं वेग घेतला की पंख्यांत पुन्हा जीव. तेवढ्यात साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, आणि सगळा डबा एका आवाजात ओरडायचा, 'खिडक्या लावा, धूर येतोय!'