बोटुकलीचे आईबाप निवडताना

गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांना महसीरचं वेड असतं, कारण गळाला लागल्यावर इतक्या ताकदीने झुंजणारे मासे गोड्या पाण्यात थोडेच. आपल्याकडचा दख्खनी महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. धरणं झाली, वाळू उपसली गेली, मासे घटले. मग लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तयार होऊ लागली.

पावसाळ्यात मादीचं पोट गाभोळीने भरून मऊ पडतं. पोटावरून हलका हात फिरवला की सोनेरी अंडी कोरड्या ताटात उतरतात. नराचं वीर्य त्यांवर पाडून पिसाने ढवळायचं आणि मगच पाणी घालायचं. पाणी लागल्यावर शुक्राणू जेमतेम मिनिटभर पोहतात, म्हणून ही घाई. रोहूची मादी किलोमागे लाखावर अंडी देते, महसीर काही हजारच. त्यामुळे एकेक मादी मोलाची वाटते आणि हाताशी असलेल्या दोन-चार माशांवरच काम भागवण्याचा मोह होतो.

तो टाळायला हवा, असं मला फार वाटतं. समजा 20 माद्या घेतल्या, पण नर दोनच. दिसायला 22 पालक. मात्र पुढच्या पिढीत निम्मी जनुकं त्या दोघांचीच, म्हणून आनुवंशिक हिशेबाने, म्हणजे पिल्लांत किती विविधता उरते हे पाहिलं तर, हे पालक जेमतेम सातच भरतात. त्याऐवजी 11 नर आणि 11 माद्या घेतल्या तर हिशेब पूर्ण 22चा येतो. मासे तेवढेच, फरक फक्त नर-मादीच्या प्रमाणाचा. नुसते थोराड मासे निवडणंही पुरेसं नाही. तलावात खाऊन माजलेला नर वाहत्या नदीत तग धरेलच असं नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पालक कोणत्या नदीचे. खुद्रीची बोटुकली कावेरीतही सोडली गेली. तिथे मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. खुद्री फोफावला, तो मूळचा मागे पडला. त्याची नेमकी ओळख, टॉर रेमादेवी, 2018मध्ये पक्की झाली, तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर आला होता.

म्हणून ज्या नदीत पिल्लं सोडायची, पालक तिथलेच धरावेत. कल्ल्यामागच्या पराचा कणभर तुकडा डीएनए तपासणीसाठी कापून घ्यावा, अंडी-वीर्य काढून झालं की ते मासे परत त्याच डोहात सोडावेत आणि पुढच्या पावसात दुसरे पकडावेत.