ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल कूलर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल थंड करणारी, सहसा रेडिएटरच्या पुढे बसणारी छोटी जाळी. मराठवाड्यात नुसते ‘कूलर’ म्हटले की उन्हाळ्यात खिडकीत घरघरणारा पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे येतो, म्हणून मिस्त्रीशी बोलताना ‘ऑइल कूलर’ म्हणणे बरे. इंजिन बदललेल्या गाडीत हा भाग बहुधा शेवटी आठवतो. मूळ गाडी साध्या गिअरची असेल तर तिच्या रेडिएटरच्या टाकीत तेल थंड करणारी नळी नसतेच, आणि नवा गिअरबॉक्स तर तिच्यावरच विसंबून असतो.

तेल तापते ते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या तेलाच्या जोडणीत. इंजिनाकडचे आणि गिअरबॉक्सकडचे चक्र एकमेकांना घट्ट जोडलेले नसते. मधले तेलच जोर पोचवते. दोन चक्रांच्या वेगात फरक पडला की तेवढी ताकद उष्णता होते. चढावर इंजिन ४० किलोवॅट देत असताना त्यातले १० टक्के असे वाया गेले तरी ४ किलोवॅट, म्हणजे घरातले दोन गिझर एकदम चालू. सपाट हमरस्त्यावर ही दोन चक्रे एकत्र जखडणारा लॉक-अप क्लच बसतो आणि हे थांबते. कन्नडचा औट्रम घाट चढताना किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना मात्र तो सुटलेलाच असतो. जोडजंतर केलेल्या गाड्यांत आणखी एक गफलत दिसते: लॉक-अपची वायर जोडायचीच राहून जाते. मग कितीही मोठी जाळी लावा, तेल तापतच राहते. आधी वायर बघावी, मग जाळी.

तेलाचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असावे. १२० च्या वर ते झपाट्याने खराब होते. आकार ठरवताना कॅटलॉगमधला आकडा जसाच्या तसा धरू नये. जाळी किती उष्णता टाकते हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. तेल ९० आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या ४३ अंशांत तो ४७ उरतो. म्हणजे तीच जाळी चौथाईहून जास्त काम कमी करते. एसीच्या कंडेन्सरमागे बसवली तर आणखी कमी, कारण तिथे हवा आधीच तापलेली येते. इथे एक माप मोठी जाळी आणि तिला स्वतःचा पंखा, हेच शहाणपणाचे.

नळी-पात्यांची जाळी स्वस्त. एकावर एक पट्ट्या रचलेली तेवढ्याच जागेत जास्त उष्णता टाकते. परभणीत हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तेल गरजेपेक्षा थंड राहू नये म्हणून थर्मोस्टॅट असलेला बायपास, म्हणजे गार तेल जाळी टाळून नेणारी वाट, घ्यावा. रेडिएटरमधली नळी असेल तर तेल आधी तिच्यातून, मग बाहेरच्या जाळीतून आणि तिथून परत गिअरबॉक्समध्ये न्यावे.

भंगारातली जाळी मोहात पाडते. ती मेलेल्या गिअरबॉक्सबरोबरची असेल तर आत धातूचा बारीक चुरा असतो, आणि पट्ट्यांच्या जाळीतून तो धुऊन पूर्ण निघत नाही. जुन्या रेडिएटरची आतली नळी फुटलेली असेल तर पाणी तेलात मिसळते. डिपस्टिकवर, म्हणजे पातळी बघायच्या पट्टीवर, तेल लालऐवजी गुलाबी, साय धरल्यासारखे दिसते. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये, क्लचपट्ट्यांचे अस्तर सुटते.

होज, म्हणजे जोडणारी रबरी नळी, गिअरबॉक्सच्या तेलाला चालणाराच हवा. पाण्याचा होज तेलाने फुगतो. जाळी पात्यांतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नये, हादऱ्याने नळ्या घासतात; लोखंडी ब्रॅकेट करून घ्यावा. तोंडे वर किंवा बाजूला ठेवली तर आत हवा अडकत नाही. कापसाचे तंतू, उसाचे पाचट आणि धूळ पात्यांत बसते. ती मागच्या बाजूने हलक्या पाण्याने काढावी, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

इंजिन बदलाची नोंद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे करावी लागते. जाळी बसवल्यावर तिच्यात मावेल तेवढे तेल वाढवावे लागते. गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्स बनवणाऱ्याने सांगितलेल्या गिअरमध्ये पातळी बघावी, आणि डिपस्टिक पुसलेले पांढरे फडके एकदा हुंगावे: करपट वास आला तर तेल आधीच गेलेले आहे.